मदत हवी आहे: राउटर बॅटरीला थेट जोडता येईल का?

आमच्याकडे रोज दुपारी तीन-चार तास लोडशेडिंग असतं. त्या वेळात इन्व्हर्टरवर फक्त वायफाय राउटर चालू ठेवतो, बाकी सगळं बंद. तरी बॅटरी अपेक्षेपेक्षा जास्त उतरते.

बॅटरी १२ व्होल्ट, १५० एएच, ट्यूब्युलर, दोन वर्षांची. डिस्टिल्ड वॉटर भरलंय, टर्मिनलवरची पांढरी बुरशी घासून काढलीय. इन्व्हर्टरचा यूपीएस मोड (वीज जाताच क्षणात बॅटरीवर नेणारी सेटिंग) बंद करूनही फरक नाही.

डीसी क्लॅम्प मीटर लावला तर बॅटरीतून २.१ अँपिअर, म्हणजे साधारण २६ वॅट जातात. राउटरचा ॲडाप्टर मात्र ९ वॅटच घेतो. उरलेले १७ वॅट इन्व्हर्टरमध्येच उष्णता होऊन जातात. मागच्या जाळीवर हात ठेवला की कोमट लागतं. बॅटरीतल्या १२ व्होल्ट डीसीचे २३० व्होल्ट एसी करायचे आणि ॲडाप्टरने परत १२ व्होल्ट डीसी करायचे, हा उलटा फेरा मला फार खटकतो.

घर भाड्याचं आहे, वायरिंगला हात लावता येत नाही. वेगळा मिनी यूपीएस घ्यायचा नाही.

चार्जिंगच्या वेळी बॅटरीचा व्होल्टेज १४.४ पर्यंत चढतो, म्हणून थेट जोडायला धजावत नाही. मध्ये १२ व्होल्टचा बक-बूस्ट कन्व्हर्टर (बॅटरीचा व्होल्टेज वर-खाली झाला तरी बाहेर कायम १२ व्होल्टच देणारं सर्किट) टाकला तर चालेल का, आणि बॅटरीजवळ फ्यूज किती अँपिअरचा लावू?