तांदळात लिहिलेलं नाव, दाखल्यावरचं नाव आणि आईचा पहिला पासपोर्ट

कृष्णाकाठ:

नमस्कार मंडळी, जरा लांबण लागणार आहे पण सगळं लिहितो, कारण एजंट एक सांगतोय, सायबर कॅफेवाला दुसरंच सांगतोय आणि घरात रोज त्याच्यावरून चर्चा. बहीण नेदरलँड्सला असते, फेब्रुवारीच्या शेवटी तिचं बाळंतपण आहे, आणि आई-अण्णांनी तिकडे जाऊन दोन-अडीच महिने राहायचं ठरलंय. आई ६७ वर्षांची, पासपोर्ट कधी काढलेलाच नाही.

अडचण नावाची आहे. शाळेच्या दाखल्यावर (सातवी पास, जन्मतारीख अर्थातच १ जून) माहेरचं नाव, आणि नुसतं आडनाव नाही तर पहिलं नावसुद्धा वेगळं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं तेच आज आधार, पॅन, बँक सगळीकडे आहे. जन्मतारीख सगळीकडे सारखी आहे एवढं बरं. लग्न ४८ वर्षांपूर्वीचं, वाळवा तालुक्यातल्या गावात, त्याची नोंद कुठेच नाही. त्यात आईच्या आधारवर अण्णांच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग डब्ल्यूने आणि पॅनवर व्हीने.

अण्णांचा पासपोर्ट झेडपीत शिक्षक असताना एनओसी घेऊन काढलेला, दोन वर्षांपूर्वी संपला. त्यावरचा पत्ता जुन्या भाड्याच्या घराचा आहे, आता आम्ही स्वतःच्या घरात.

एजंट म्हणतो दहावी नाही म्हणजे आईच्या पासपोर्टवर ईसीआर शिक्का बसणार आणि मग तिला बाहेर जाता येणार नाही, ते "मॅनेज" करायचे सहा हजार. आई तर म्हणायला लागलीय की माझ्यामुळे एवढा खर्च नको, अण्णा एकटेच जाऊ देत. ते ऐकवत नाही हो. कुणी या कामातनं गेलं असेल तर प्लीज सांगा.

मुंढव्याची_वारी:

दादा, सगळ्यात आधी त्या एजंटला एक रुपया देऊ नका. ईसीआर म्हणजे एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड, तो विषय नोकरीसाठी ठराविक १८ देशांत जाणाऱ्यांचा, सौदी, कुवेत, मलेशिया वगैरे. नेदरलँड्स त्यात नाहीच. आणि ५० वर्षांवरच्या माणसाला दहावी नसली तरी नॉन-ईसीआर मिळतो, फॉर्ममध्ये तो प्रश्न आला की हो म्हणायचं, पुरावा तुमच्या आईचं वय. माझ्या सासूबाई चौथी शिकलेल्या, त्यांना नॉन-ईसीआरच मिळाला.

फॉर्म घरी बसून भरा, साइट passport seva ची सरकारी आहे तीच उघडा, गुगलवर वरती येणाऱ्या बऱ्याच साइट खोट्या आहेत आणि जास्त पैसे घेतात, किंवा एमपासपोर्ट सेवा ॲप वापरा. ३६ पानी पासपोर्टची फी १५००, पण ६० च्या पुढच्यांना पहिल्या पासपोर्टला १० टक्के सूट, म्हणजे आईचे १३५०. अण्णांचा रीइश्यू, त्यांना सूट नाही, पूर्ण १५००. झालं, दोघांचे मिळून २८५० आणि झेरॉक्स. आणि पुणे किंवा मुंबईच गाठायला पाहिजे असं काही नाही, कोल्हापूरला पोस्टात केंद्र आहे तिथला स्लॉट बघा.

आईंसोबत आत एकाला सोडतात, ज्येष्ठ नागरिक आहेत म्हणून, तेव्हा कुणीतरी जा. आमच्याकडे सासूबाईंच्या बोटांचे ठसे उमटत नव्हते, आयुष्यभर शेतातलं काम, तिथल्या मुलीने तीन-चारदा हात पुसून शांतपणे घेतले. दसरा-दिवाळीला मेंदी काढायची असेल तर ठसे झाल्यावर काढा.

आता नावाचं. दाखला दाखवूच नका, पॅन हा जन्मतारखेचा पुरावा म्हणून चालतो. विषय संपला.

जुना_क्लार्क:

वरच्या ताईंचं बाकी सगळं बरोबर आहे पण शेवटचं अर्धंच बरोबर आहे आणि इथेच लोक अडकतात म्हणून सविस्तर लिहितोय. दाखला न देणं यात काही चूक नाही, जन्मतारखेला यादीतला कुठलाही एक पुरावा पुरतो आणि १ ऑक्टोबर २०२३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांनाच फक्त जन्मदाखल्याची सक्ती आहे. पण फॉर्ममध्ये सरळ विचारतात की तुम्ही कधी नाव बदललंय का आणि दुसऱ्या नावाने ओळखले जाता का. तिथे "नाही" लिहायचं नाही. पासपोर्ट कायदा १९६७, कलम १२, माहिती लपवणं हा गुन्हा आहे, आणि ६७ व्या वर्षी त्या माउलीला कुणी खोटं ठरवावं असं काम आपण का करायचं. माहेरचं नाव तिथे लिहा, त्यात लपवण्यासारखं काय आहे, महाराष्ट्रातल्या निम्म्या आयांची हीच गोष्ट आहे.

आडनाव लग्नामुळे बदललं त्याला लग्नाचं सर्टिफिकेट, ते नसेल तर ऍनेक्शर 'J' नावाचं घोषणापत्र चालतं, साध्या कागदावर नवरा-बायकोचा एकत्र फोटो आणि दोघांच्या सह्या. पण तुमच्या केसमध्ये पहिलं नावही बदललंय, त्याला मी राज्य सरकारच्या गॅझेटमध्ये (राजपत्रात) नावबदल छापून घ्या म्हणेन, ऑनलाइन अर्ज होतो, जुन्या नावाला दाखला आणि नव्याला आधार जोडायचं. म्हणजे दाखला टाकून देऊ नका, त्याचं काम इथे आहे. आणि जमलं तर गावात ग्रामसेवकाकडे लग्नाची नोंदपण करून टाका, उशिरा केली तरी होते, अण्णा आहेत तोवर ते सोपं आहे, पुढे फॅमिली पेन्शनला तोच कागद लागतो.

मग व्ही आणि डब्ल्यू. कुठलं बरोबर हे आधार बघून नाही, अण्णांचा जुना पासपोर्ट आणि पेन्शनचे कागद बघून ठरवा. त्यांच्यावर जे आहे तेच आईच्या सगळ्या कागदांवर आणा, दुसरं दुरुस्त करा, आणि मगच स्लॉट घ्या. लोक उलटं करतात, आधी स्लॉट घेतात आणि मग काउंटरवरून परत येतात.

अजून एक, गिव्हन नेममध्ये आईचं नाव आणि अण्णांचं नाव, सरनेममध्ये आडनाव. सरनेमचा रकाना रिकामा सोडू नका, एकाच शब्दाचं नाव असलेल्या पासपोर्टवर यूएईने २०२२ पासून व्हिजिट व्हिसावाल्यांना अडवायला सुरुवात केली होती, आणि तुमची फ्लाइट दुबईवरून असू शकते.

अण्णांचं सोपं आहे. "मुदत संपून तीन वर्षांच्या आत" हा पर्याय निवडा, पत्ता बदललाय तेही टिक करा, रिटायर झालेत म्हणून आता एनओसीची भानगड नाही. पत्नीच्या नावाचं स्पेलिंग मात्र आईच्या नवीन कागदांसारखंच येऊ द्या.

ट्यूलिप_आणि_थालीपीठ:

मी उट्रेख्तला असते, माझे आईबाबा गेल्या वर्षी येऊन गेले म्हणून पुढचं सांगते. शेंगेन व्हिसाला (नेदरलँड्ससकट युरोपातल्या बऱ्याच देशांचा एकच व्हिसा) पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने चालू हवा, दोन पानं कोरी हवीत, ते नव्या पासपोर्टला आपोआपच होतं. १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, तेव्हा बाळंतपणाच्या फार आधी येऊ नका, दिवस तिथेच संपतात आणि खरी गरज नंतर असते. इन्शुरन्स किमान ३० हजार युरोचा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो.

आणि बहिणीला सांगा, इथे जन्मलं म्हणून बाळ डच होत नाही, आईवडील दोघं भारतीय असतील तर हेगच्या दूतावासात एका वर्षाच्या आत जन्माची नोंद करून बाळाचा भारतीय पासपोर्ट काढायचा. म्हणजे तुमच्या घरात एकाच वर्षी आजी आणि नातवंड दोघांचा पहिला पासपोर्ट येणार, मला वाचूनच भरून आलं.

संत्रानगरी:

नागपूरला २०२४ च्या एप्रिलपासूनच चिपवाले ई-पासपोर्ट सुरू झाले होते, भुवनेश्वर आणि आमचं नागपूर पहिले. कव्हरवर खाली सोनेरी चिन्ह असते. तुमच्या आईंनापण आता तोच भेटेल, घडी नका घालू, स्टेपल तर नकोच.

पोलिस व्हेरिफिकेशनले दोघांनीही घरी राहा, ओरिजनल कागद आणि ओळखीचे दोन शेजारी तयार ठेवा. माझे वडील त्या दिवशी लग्नाले गेले होते तर फाइल महिनाभर पडून राहिली जी.

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार, आता अपडेट देतो म्हणजे पुढच्या कुणाला उपयोग होईल.

अण्णांच्या पासपोर्टवर डब्ल्यू निघाला, म्हणून आईचं पॅन दुरुस्त केलं, आधार तसंच ठेवलं. गॅझेटला आमच्याकडे तीन आठवडे लागले. ऍनेक्शर 'J' साठी दोघांचा एकत्र फोटो पाहिजे म्हटल्यावर आई पैठणी नेसून स्टुडिओत आली, लग्नानंतर दोघांचा नुसता दोघांचा असा फोटो घरात नव्हता, त्याची मोठी कॉपी आता भिंतीवर आहे.

कोल्हापूरला मी बरोबर गेलो होतो. काउंटरवरच्या बाईंनी माहेरचं नाव वाचून आईला त्याच नावाने हाक मारली, आई आधी दचकली आणि मग कितीतरी वेळ हसत होती, त्या नावाने हाक मारणारं आता कुणी राहिलं नाही. सही मराठीतच केली, चालली.

पोलिस आठव्या दिवशी आले, नीट बोलले, चहा घेऊन गेले. आईचा पासपोर्ट काल स्पीड पोस्टने आला, पोस्टमनने तिच्याच हातात दिला. नॉन-ईसीआर. अण्णांची फाइल अजून पोलिसांकडे आहे कारण पत्त्यावर घर नंबर चुकला होता, तो उद्या जाऊन दुरुस्त करतोय. ट्यूलिपताई, व्हिसाला बहिणीकडून नक्की कुठले कागद मागवायचे ते तेवढं सांगाल का?