मुलीला पहाटे फिट आली, शुक्रवारी न्यूरॉलॉजिस्टकडे नंबर आहे, काय विचारू?

बार्शीकर_बाबा
मुलगी सोळा वर्षांची, अकरावी सायन्सला. परवा सकाळी सहाला ब्रश करता करता मोरीत कोसळली. दातखिळी, अंग ताठ, मग जोरात झटके. शेजारणीनं कांदा फोडून नाकाशी धरला. मी तोंडात चमचा घालायला गेलो तर तिचा ओठ फाटला. दोन-तीन मिनिटांत थांबलं, मग तासभर गाढ झोपली. आदल्या रात्री दीडपर्यंत अभ्यास चालला होता. डॉक्टरांनी ईईजी, म्हणजे मेंदूचा आलेख, आणि एमआरआय लिहून दिलंय. आई म्हणते बाहेरचं आहे, आणि कुणाला बोलू नकोस, उद्या लग्न कसं जमायचं. सोलापूरला नंबर लावलाय. काय विचारू, कुणी सांगेल का?

वाळव्याची_बाई
दादा, मला पहिली फिट सतराव्या वर्षी आली, तीही सकाळीच, रात्र जागल्यावर. आज मी एकेचाळीसची आहे, शाळेत शिकवते.

आधी मुलीला एक विचारा. उठल्यावर तासाभरात हाताला अचानक झटका बसून कप, कंगवा असं काही उडतं का? माझ्या हातून चहाचा कप उडायचा आणि आई धांदरट म्हणून ओरडायची. तो आजाराचा भाग असेल हे कुणाच्या मनातही आलं नाही, म्हणून डॉक्टरांना सांगितलंच नाही. त्यांनी कार्बामाझेपिन ही फिटची गोळी सुरू केली आणि हाताचे झटके उलट वाढले. शेवटी पुण्याच्या न्यूरॉलॉजिस्टनी फाइल बाजूला ठेवून पहिला प्रश्न हाच केला, "सकाळी हातातून वस्तू पडतात का?" आईनं माझ्याकडे पाहिलं ते मी अजून विसरले नाही.

त्या प्रकाराचं नाव जुव्हेनाइल मायोक्लोनिक एपिलेप्सी. वयात येताना सुरू होतो, एमआरआय बहुधा नॉर्मल येतो, झोप मोडली की उसळतो. कार्बामाझेपिननं त्यातले झटके वाढू शकतात. तुमच्या मुलीला तेच आहे असं मी म्हणत नाही, ते डॉक्टर ठरवतील. पण त्यांना हे सांगितलंच नाही तर कळणार कसं?

मला आधी व्हॅलप्रोएटची गोळी होती, गुण चांगला आला. पण ती पोटातल्या बाळाला धोक्याची, म्हणून लग्नाआधी डॉक्टरांनी लेव्हेटिरॅसिटॅमवर आणलं, जोडीला फॉलिक ॲसिड. पहिले दोन महिने फार चिडचिड झाली, मग बसलं. मुलगी आहे म्हणून गोळीबद्दल हे आत्ताच विचारा. मनानं गोळी कधी थांबवू नका. पाच वर्षं फिट नाही म्हणून मी थांबवली होती. नणंदेच्या लग्नात जागरण झालं आणि हळदीच्या मांडवातच पडले.

लग्नाचं म्हणाल तर हिंदू विवाह कायद्यातला फिटचा उल्लेख १९९९ साली काढून टाकलाय. मी नवऱ्याला पहिल्या भेटीत सगळं सांगितलं. माझा मुलगा तिसरीत आहे. आजींना माझ्याशी बोलायचं असेल तर मला निरोप पाठवा, मी फोन करीन.

सिस्टर_न्यूरोवॉर्ड
ताईंचं बरोबर आहे. फिट ज्यानं डोळ्यांनी पाहिली त्यानंच सोबत जावं, कारण आधी काय झालं, नंतर काय झालं हे पेशंटला आठवत नसतं. परत आली तर तोंडात काही घालू नका, कांदा-चप्पल नको. कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, घड्याळ बघा. पाच मिनिटांच्या वर गेली किंवा शुद्धीवर न येता दुसरी आली तर थेट दवाखाना. दुसऱ्या कुणी मोबाइलवर व्हिडिओ काढला तर डॉक्टरांना फार उपयोग होतो. ईईजी नॉर्मल आला म्हणजे आजार नाही असं नसतं. एमआरआय मात्र टाळू नका. टेपवर्मच्या अळीची मेंदूत गाठ होऊन फिट येणारे आपल्याकडे पुष्कळ असतात, त्यांचा इलाज वेगळा. आणि मोरीची कडी आतून लावू नको म्हणावं.

बार्शीकर_बाबा
ताई, रात्री विचारलं. आधी गप्प बसली, मग म्हणाली, दिवाळीपासून होतंय. दोन कप फुटल्यावर आजी रागावली, तेव्हापासून ती चहा स्टीलच्या पेल्यात, दोन्ही हातांनी धरून घेते. आम्हाला वाटलं, थंडी वाजते म्हणून. शुक्रवारी हे तिलाच सांगू देतो. आईलाही सोबत नेतोय.