वेगाचा धाक : खान्देशातल्या रस्त्यांवरचे अनुभव

जळगाव (धागा काढणारा)

साडेसहाशे सीसीची गाडी घेतली तेव्हा भेटेल त्याने एकच विचारलं, "किती पळते?" किती अंतरात थांबते, हे कुणीही विचारलं नाही. म्हणून हा धागा.

आधीच्या शंभर सीसीवर सत्तर ओलांडले की हँडल थरथरायचं, आरशात काही दिसायचं नाही, पायांना मुंग्या यायच्या. बस आता, असं गाडीच सांगायची. ही नवी शंभरलाही ढिम्म. रस्ता चौपदरी झाल्यापासून तर एरंडोल कधी मागे पडलं आणि पारोळा कधी आलं, पत्ता लागत नाही. मीटर पाहिल्याशिवाय वेग कळतच नाही, आणि मला भीती वाटते ती याचीच. दुचाकीला दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर ८०, साध्या रस्त्यावर आणि शहरात ६० ही केंद्राची कमाल मर्यादा. ही बया दुसऱ्या गिअरमध्येच ८० गाठते.

तुमचे रस्ते, तुमच्या गाड्या, तुमचा धाक लिहा. सीसीची अट नाही. टॉप स्पीडचे फोटो मात्र टाकू नका.

भुसावळ, निवृत्त लोको पायलट

एकशेदहाने गाडी ओढताना मला कधी भीती वाटली नाही. लोकांना याचं नवल वाटतं. पण ब्रेक मारल्यावर ट्रेन थांबायला किलोमीटरभर लागू शकतो, हे आमच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून भरलेलं असतं आणि सगळी व्यवस्था त्याच हिशेबाने उभी असते. पुढच्या लाल सिग्नलची खबर आधीचा पिवळा देतो. रूळ कुठे कच्चा असेल तर कॉशन ऑर्डर हातात येते : अमुक किलोमीटरपासून तमुकपर्यंत, वेग इतकाच.

मोटरसायकलवर यातलं काही नाही. मुक्ताईनगरकडे जाताना शेतातून रोही (नीलगाय) निघतो, तो काही पिवळा दाखवून निघत नाही. म्हणून मी माझी कॉशन ऑर्डर स्वतःच काढतो. दुभाजकात फट दिसली, पेट्रोल पंप दिसला, शाळेची पाटी दिसली की ५०. फटीतून ट्रॅक्टर उलट्या बाजूने येणारच असं धरून चालतो. मुलगा हसतो. हसू दे.

धुळे, कॉलेजात फिजिक्स शिकवतो

काकांच्या मुद्द्याला आकडे जोडतो. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १७ मीटर. समोरचं दिसून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा. कोरड्या चांगल्या डांबरावर पुढचे २० मीटर ब्रेकिंगचे. एकूण ३७. आता १२० घ्या. आधीचे ३३ आणि ब्रेकिंगचे ८०च्या घरात, म्हणजे ११० मीटरच्या वर. वेग दुप्पट झाला की ब्रेकिंगचं अंतर चौपट होतं. मुलांना हे सूत्र पाठ असतं आणि तीच मुलं कॉलेज सुटल्यावर लळिंग घाटाकडे सुसाट जातात!

रात्रीचा हिशेब तर आणखी वाईट. डिपरचा उजेड ५० मीटरच्या आसपास पोचतो आणि ८०ला थांबायलाच ५५-६० लागतात. म्हणजे दिसेल त्याला धडकायचं हे आधीच ठरलेलं.

रावेर

दिसेल त्याला नाही, न दिसेल त्याला. आमच्याकडे सावदा-फैजपूर पट्ट्यात केळीच्या गाड्या रात्री भरतात. रस्त्याच्या कडेला ट्रॅक्टर-ट्रॉली उभी असते, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलाने माखलेला. पहिल्या पावसात शेतातून निघणाऱ्या टायरांबरोबर काळी माती डांबरावर येते, त्यावर ब्रेक लावून दाखवा. मी अंधार पडल्यावर मोठी गाडी काढतच नाही. बायकोची स्कूटी नेतो.

जळगाव, अजिंठा चौफुलीजवळ गॅरेज

सर्व्हिसिंगला आलेल्या गाडीवरून चालवणारा कसा आहे ते मला कळतं. मागचे पॅड घासून पत्रा लागलेला आणि पुढचे जवळपास कोरे, अशी गाडी कायम येते. म्हणजे भाऊ फक्त पायाने ब्रेक मारतात. लहानपणी सायकलवर कुणीतरी सांगितलेलं असतं, पुढचा दाबला की कोलांटी. अरे भो, ब्रेक लावला की सगळं वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं हलकं होतं. थांबवायची खरी ताकद पुढे आहे. झटक्याने नाही, दाबत न्यायचा. १२५ सीसीच्या वरच्या नव्या गाड्यांना २०१९पासून एबीएस सक्तीचं आहे, पण ते चाक लॉक होऊ देत नाही एवढंच. अंतर कमी करून देणारी जादू नाही ती, आणि खडीवर तर नाहीच नाही.

अजून एक. जुनी मोठी गाडी घेणाऱ्यांनी टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचा. ३५१६ असेल तर २०१६ सालचा पस्तिसावा आठवडा. नक्षी छान दिसते, रबर दगड झालेलं असतं. गिऱ्हाइकं एक्झॉस्टवर वीस हजार घालतात आणि टायरला घासाघीस करतात. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ला टेकतो. तेव्हा हवा सकाळी, टायर थंड असताना तपासायची.

साक्री

मी गाडी लई उनू तवय बापनी एकच गोट सांगी, "गाडी तुनी शे, रस्ता तुना बापना नई. आनि बाप मी शे, माले म्हाईत शे."

बाकी आमच्याकडे धाक वाऱ्याचा. ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उगाच नाही लावल्या. आषाढात आडवा वारा असा लागतो की सरळ रस्त्यावर गाडी तिरकी धरावी लागते. ट्रकच्या बाजूने जाताना दोन क्षण वारा तुटतो आणि ट्रक मागे पडला की एकदम थप्पड बसते. जितका वेग जास्त, तितके सावरायला हात कमी.

शहादा

सगळ्यांना नमस्कार करून थोडं उलटं बोलतो. भीती वाटत असेल तर चालवूच नका. घाबरलेला माणूस हँडल आवळून धरतो, कोपर ताठ करतो, आणि वळणावर ज्या दगडाची भीती वाटते त्याच्याकडे टक लावतो. गाडी नजर जाते तिकडेच जाते. तोरणमाळच्या सातपायरी घाटात मी नवशिक्यांना एकच सांगतो, दरी बघू नका, वळण जिथे संपतंय तिथे बघा. वेग वळणाच्या आधी कमी करायचा, आत शिरल्यावर ब्रेक नाही. उजवीकडे वळायचं तर उजवं हँडल हलकं पुढे ढकला, गाडी आपोआप झुकते. हे जमलं की भीती जाते.

धागा काढणारा

पटलं, अर्धं. ताठ हात घातक आहेत हे खरं. पण भीती पूर्ण गेलेले दोघं-तिघं माझ्या ओळखीत आहेत. त्यांच्या मागे मी बसत नाही.

अमळनेर, बँकेत नोकरी

मी साडेतीनशे चालवते. आठवड्याला चोपड्याला जाणं होतं, तापीचा पूल ओलांडून. माझी अडचण वेगळीच. बाई मोठ्या गाडीवर दिसली की कुठलंतरी पोरगं शेजारी येतं आणि रेस करतं. सुरुवातीला मनगट शिवशिवायचं. आता मी इंडिकेटर देऊन डावीकडे घेते आणि त्याला जाऊ देते. त्याला वाटतं तो जिंकला. पुढच्या स्पीडब्रेकरवर तोच उडताना दिसतो, तेवढी करमणूक होते.

आणि सगळे दादालोक आपापल्या सीटवरून लिहिताहेत, म्हणून मागच्या सीटचंही सांगते. यजमान चालवतात तेव्हा मी मागे असते. मागे बसणाऱ्याला पुढचं काही दिसत नाही, हातात ब्रेक नाही, वारा मात्र पूर्ण. चालवणाऱ्याला ८० वाटतात तेव्हा मागे ११० वाटतात. आमचा ठराव आहे, मी खांद्यावर दोनदा थोपटलं की वेग खाली. कारण विचारायचं नाही. वहिनींना मागे बसवणाऱ्यांनी पदर, ओढणी आणि साडीगार्ड पाहूनच निघावं. हे वेगापेक्षा आधीचं काम आहे.

चाळीसगाव

वय ६८. जुनी बुलेट, गिअर उजव्या पायात, ब्रेक डाव्या. मुलाची नवी गाडी बरोबर उलटी. डोकं शिकतं, पण घाबरल्यावर पाय जुनंच करतो. म्हणून एकाच दिवशी दोन्ही गाड्या चालवत नाही. कन्नडचा घाट ज्या गिअरमध्ये चढतो त्याच गिअरमध्ये उतरतो, इंजिनच गाडी आवरतं. नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्यांचे ड्रम तापून खाली येईपर्यंत ब्रेक लागेनासा होतो. शहाद्याचे भाऊ बरोबर बोलले, पण त्यांनी हे उताराचं सांगायला हवं होतं.

शहादा

मान्य काका. दोन स्ट्रोकवाल्यांनी तर विशेष ध्यानात ठेवावं, त्यांचं इंजिन उतारावर फारसं आवरत नाही.

पाचोरा

दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेला चौघं चाललोय. दोन चारशेच्या गाड्या, एक साडेतीनशे, एक दीडशे. दिवसभर घोडेबाजार बघून रात्रीच परतायचा विचार आहे. कसं वाटतं?

शहादा

रात्री नका निघू. त्या दिवसांत आमच्या बाजूला ऊसतोड चालू असते. बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. दोंडाईच्यात मुक्काम करा, सकाळी उजाडल्यावर निघा. आणि दीडशेवाल्याला पुढे ठेवा, बाकी तिघांनी त्याच्या वेगाने मागे राहायचं.