सांगलीचं जीएनएम, टेक्सासमध्ये एलव्हीएन करू का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सांगलीला जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) केलं, सहा वर्षं प्रसूती वॉर्डात काढली. आता डॅलसला असते, ग्रीन कार्ड नुकतंच आलंय. इथली एलव्हीएन म्हणजे आरएनच्या (रजिस्टर्ड नर्सच्या) खालच्या पायरीची परवानाधारक नर्स, बहुतेक राज्यांतली एलपीएन. कोर्स साधारण वर्षभराचा, मग परवान्याची परीक्षा एनक्लेक्स-पीएन: ८५ ते १५० प्रश्न, पाच तास. परीक्षेचं काही वाटत नाही.

घोडं कागदांवर अडलंय. थेट आरएनकडे जायचं तर सीजीएफएनएसला (परदेशी नर्सिंगची कागदपत्रं तपासणारी संस्था, आता नाव ट्रूमेरिट) मार्कशीट आणि विषयवार क्लिनिकलचे तास कॉलेजनेच परस्पर कळवायचे. भाऊ तीनदा हेलपाटे घालून आला. क्लार्कने २०१९च्या पुरात भिजलेलं रजिस्टर दाखवलं. पानं एकमेकांना चिकटलेली. माझं नाव वाचता येतं, मानसोपचाराच्या तासांच्या रकान्यात मात्र नुसता शाईचा डाग!

अशा वेळी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडून काही मिळतं का? की सरळ एलव्हीएन करून मग ब्रिज कोर्सने (एलव्हीएनवरून आरएनकडे नेणाऱ्या कोर्सने) आरएन व्हावं? नवरा म्हणतो, वर्षच तर आहे. त्याला काय जातंय म्हणायला! पुन्हा बेडशीटचे कोपरे दुमडण्यापासून सुरुवात करायची, जिवावर येतं हो.

या वाटेने कुणी गेलंय का? विशेषतः आधी एलव्हीएन केलेल्या ताईंनी कृपया सांगा.