मदत हवी आहे: खिशात मावणारा लांब झूमचा कॅमेरा रोजच्या वापराला घेऊ का?

नमस्कार मंडळी, कोल्हापुरातनं लिहितोय. शाहूपुरीत दुकान आहे, फोटोग्राफी म्हणजे सकाळी रंकाळ्याला फिरताना दिसेल ते आणि सीझनला शाहू स्टेडियमवर फुटबॉल, बास. जवळचे फोटो मोबाईलवर झकास येतात पण लांब दगडावर बसलेला वंचक (तो तळ्याकाठचा बारका बगळा) काढायला गेलं की पार लगदा होतो, म्हणून म्हटलं एक लांब झूमवाला घ्यावा. निकॉनचा पी९५० बघून ठेवलेला, २००० मिमीपर्यंत जातो (मिमी जेवढे जास्त तेवढं लांबचं जवळ दिसतं) पण वजन किलोभर, तो गळ्यात घालून रंकाळ्यावर फिरलो तर लोक लग्नाची ऑर्डर घेता का विचारतील.

तर खिशातले दोन डोक्यात आहेत. कॅनन एसएक्स७४०, ४० पट झूम, २४ ते ९६० मिमी. आणि सोनी एचएक्स९९, ३० पट, २४ ते ७२०, पण त्याला वर उघडणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) आहे आणि रॉ फाइल (कॅमेऱ्यानं न घासलेला कच्चा फोटो) मिळते, कॅननला दोन्ही नाही. दोन्ही २०१८ ची मॉडेलं, त्यामुळं सेकंडहँडच बघतोय.

घ्यायच्या आधी मेव्हण्याचा जुना ३० पटीचा आठवडाभर आणला (कंपनी सांगत नाही, उगाच तिच्या नावानं बिल फाटायला नको). पहिल्याच सकाळी वंचक सापडला, दहा मिनिटं हलला नाही बिचारा, पण मला स्क्रीनवर तो सापडेचना. ऊन पाठीमागनं, स्क्रीनमध्ये माझीच टोपी दिसतीय, फुल झूम केला की नुसतं पाणी, जरा डावीकडं गेलं की जलपर्णी, परत पाणी. शेवटी सापडला तेव्हा हात लांब धरून धरून थरथरायला लागलेले. फोटो आला, चोच चांगली आली, पण पाठीवरची पिसं बघितली तर ओल्या कागदावर शाई सांडल्यासारखी. संध्याकाळच्या मॅचचं तर विचारूच नका, गोल झाला आणि माझ्याकडं तीन भुतं पळताना आली.

रविवारी पन्हाळ्यावर तबक उद्यानातनं जोतिबाचा डोंगर काढला भर दुपारी, कडा सगळ्या पाण्यात बघितल्यागत हलत्यात. हा कॅमेऱ्याचा दोष का माझा? आणि मुख्य प्रश्न, व्ह्यूफाइंडर खरंच लागतो का ९६० मिमी जास्त कामाचं? ज्या गावात बाबूराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला तिथं राहून असले प्रश्न विचारतोय, हसू नका.

प्रतिसाद १:
डोंगर हलतोय तो दोष ना तुमचा ना कॅमेऱ्याचा, तापलेल्या जमिनीवरची हवा लहरते ती. झूम जेवढा लांब तेवढी ती जास्त दिसणार. सकाळी सातला जावा.
पिसांचं म्हणाल तर या सगळ्या कॅमेऱ्यांत सेन्सर (प्रकाश टिपणारी चकती) बारका असतो, १/२.३ इंची, म्हणजे जेमतेम ६ बाय ४.५ मिमी. त्यात झूम वाढवला की लेन्सचं तोंडही बारीक होतं, एसएक्स७४० मध्ये एफ ३.३ वरून ६.९ वर जातं (आकडा मोठा तेवढं तोंड बारीक), प्रकाश चौथ्या हिश्श्याच्याही खाली. मग आयएसओ (प्रकाश कमी पडला की कॅमेरा वाढवतो ती संवेदनशीलता) वाढतो, दाणे येतात, ते पुसायला गेला की कॅमेरा पिसंपण पुसतो. तुमची भुतंपण कमी प्रकाशातलीच, शटर जास्त वेळ उघडं राहतं, स्टॅबिलायझर (थरथर सावरणारी सोय) तुमचा हात धरेल हो, खेळाडूला कसा धरणार? संध्याकाळची मॅच या जातीच्या कॅमेऱ्यात विसरा. २४ मिमीला फोनच चांगला, बऱ्याच फोनचा मुख्य सेन्सर यापेक्षा मोठा आहे.
माझं मत सोनी. ७२० आणि ९६० मध्ये फरक सव्वा-दीड पटीच्या मधलाच, तेवढं क्रॉप करून भागतं. डोळ्याला लावून धरला की कॅमेरा कपाळाला टेकतो आणि निम्मी थरथर तिथंच जाते.

प्रतिसाद २:
भावा, कॅननला फ्रेमिंग असिस्ट आहे की. बटण दाबलं की झूम मागं येतो, पक्षी शोधायचा, बटण सोडलं की परत पुढं जातो. वंचकासाठी लई भारी. उडत्या पक्ष्याला काय उपयोग नाही.
दुसरं, जोतिबाच्या यात्रेत नेऊ नका. बाहेर येणारी लेन्स आत-बाहेर होताना हवा ओढते, आणि चैत्रात तिथल्या हवेत गुलाल किती असतो तुम्हाला सांगायला नको. माझ्या जुन्या कॅमेऱ्याच्या सेन्सरवर दोन वर्षं ठिपका होता, लेन्स निघत नाही त्यामुळं घरी पुसता येत नाही, आणि दुरुस्तीवाल्यानं खर्च सांगितला तो ऐकून तसाच वापरला.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. आज सकाळी मेव्हण्याचाच घेऊन परत गेलो, कठड्यावर कोपर टेकवून आणि ७२० ऐवजी ५०० च्या आसपास थांबून काढले, पिसं दिसली! म्हणजे निम्मा दोष माझाच होता. तरी स्क्रीनवर टोपी दिसायची ती दिसतीयच, त्यामुळं सोनीकडं झुकलोय. एक सेकंडहँड बघायला शनिवारी जायचंय. त्यात धूळ आहे का कसं ओळखायचं?

प्रतिसाद २:
फुल झूम लावा, आभाळाचा नाहीतर पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि मोठा करून बघा. झूमला तोंड बारीक असतं त्यामुळं ठिपका तिथं आधी दिसतो, २४ ला लपून जातो. झूम चार-पाच वेळा आत-बाहेर करून मोटरचा आवाजपण ऐका, कर्रर्र झालं तर चहा पिऊन परत या.