सिडनी: आई-बाबांना घेऊन दोन दिवस, काय बघावं?

प्रश्न: दोघंही सत्तरीचे, बाबांचे गुडघे दुखतात. मुक्काम ‘सर्क्युलर की’ (Circular Quay, फेरीबोटींचा धक्का) स्टेशनजवळ. हार्बर क्रूझचं तिकीट काढावं की मॅनली या समुद्रकाठच्या उपनगराला जाणारी फेरीबोट पुरे?

खलाशी: फेरीबोटच घ्या. अर्ध्या तासात मॅनली. जाताना उजवीकडच्या बाहेरच्या बाकावर बसवा, ऑपेरा हाऊस जवळून दिसतं, हार्बर ब्रिज डावीकडे. बंदराच्या तोंडाशी नॉर्थ हेड आणि साऊथ हेड या दोन टोकांच्या मधून खुल्या समुद्राच्या लाटा आत येतात, तिथे बोट डोलते. तेवढा वेळ आई-बाबांना जिन्यावर उभं राहू देऊ नका. उन्हाळ्यातही वारा झोंबतो, स्वेटर हवाच.

टॅपटॅप: बस, ट्रेन, फेरीबोटीला माणशी वेगळं प्रवासाचं (ओपल) कार्ड लागतं, एकाच कार्डावर तिघं चालत नाहीत. बँकेचं कार्डही चालतं, पण चढताना यंत्राला फोन आणि उतरताना कार्ड टेकवलंत तर यंत्राला ते दोन अर्धवट प्रवास वाटतात आणि दोन्हींवर जादा भाडं कापलं जातं. विमानतळाच्या स्टेशनवर भाड्याशिवाय वेगळा आकार पडतो. तिघं असाल तर आधी टॅक्सीचा हिशेब करून बघा.

प्रश्नकर्ता: आणि बाँडाय ते कूजी या दोन किनाऱ्यांमधली वाट चालत?

खलाशी: बाबांना नको. सहा किलोमीटर, पायऱ्या आणि चढउतार भरपूर. ३३३ नंबरच्या बसने बाँडायला जा, दक्षिण टोकाच्या समुद्रकाठच्या पोहण्याच्या तलावापर्यंत रमतगमत फिरा आणि बसनेच परत या. पाण्यात उतरायचं तर लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच. बाहेर शांत दिसणाऱ्या पट्ट्यातच बरेचदा आत ओढणारा प्रवाह असतो.