‘कॅशे स्टोरेज अडॅप्टर’ला मराठीत काय म्हणावं?

मालवणहून प्रश्न : पर्यटक निवासांच्या आरक्षणाचं संकेतस्थळ आहे, त्याची मराठी मार्गदर्शिका लिहितेय. कॅशेला, म्हणजे पान लवकर उघडावं म्हणून जवळ ठेवलेल्या तात्पुरत्या प्रतींना, ‘बेगमी’ कसं वाटतं? आणि ‘एक्स्पायर’ व ‘इव्हिक्ट’ दोन्हींना ‘काढून टाकणं’ चालेल?

चिपळूण : बेगमी नको, ताई. आगोटीला भरलेलं सुकं आणि तांदूळ संपले तर घर उपाशी राहतं. कॅशे पुसला तर पान सावकाश उघडतं, एवढंच. मूळ नोंद डेटाबेसात असतेच. बेगमी म्हटलं की कुणीतरी भरवशाने अर्धवट आरक्षणं त्यात ठेवणार! ‘कॅशे’च ठेवा. ‘कॅश’ मात्र लिहू नका, आरक्षणाच्या पानावर ती रोकड वाटेल.

रत्नागिरी : अडॅप्टरही तसाच राहू दे. ‘अनुकूलक’ लिहिलंत तर सेटिंग कुणाला सापडायचं नाही. खाली एक ओळ द्या : ‘कॅशे कुठे ठेवायचा ते इथे ठरतं – फाइल, एपीसीयू, मेमकॅश्ड किंवा रेडिस.’ (एपीसीयू म्हणजे त्याच सर्व्हरवरची पीएचपीची मेमरी; मेमकॅश्ड आणि रेडिस हे नोंदी मेमरीत ठेवणारे वेगळे सर्व्हर.)

त्या दोन क्रिया मात्र वेगळ्याच हव्यात. एक्स्पायर म्हणजे मुदत संपणं, इव्हिक्ट म्हणजे जागेसाठी हटवणं. रेडिसमध्ये ‘मॅक्समेमरी-पॉलिसी’ (मेमरी भरल्यावर काय करायचं ते ठरवणारं सेटिंग) मुळात ‘नोइव्हिक्शन’ असते. मेमरीची मर्यादा गाठली की जुनं हटत नाही, नवं लिहिणंच नाकारलं जातं. निव्वळ कॅशेसाठीच्या रेडिसला ‘ऑलकीज-एलआरयू’ द्या, म्हणजे बराच काळ न वापरलेली कुठलीही नोंद हटते. ‘व्होलटाइल-एलआरयू’ फक्त मुदत दिलेल्या नोंदी हटवतं. बिनमुदतीच्या नोंदींनीच जागा भरली असेल तर पुन्हा तीच अडचण.

देवगड : ‘मुदत’ छान, पण शेजारी ‘सेकंदांत’ लिहाच. मेमकॅश्डमध्ये 30 दिवसांपेक्षा, म्हणजे 25,92,000 सेकंदांपेक्षा मोठा आकडा मुदत न राहता 1970 पासून मोजलेली तारीख समजला जातो. म्हणून 90 दिवस दिले की नोंद लिहिताक्षणीच कालबाह्य. चूक झाल्याचा संदेशही येत नाही, त्यामुळे शोधताना नाकी नऊ येतात.

मालवण : आणि ‘की’, म्हणजे नोंद ज्या नावाने ठेवतात ते?

देवगड : ‘किल्ली’ लिहा, नाहीतर वाक्यात ‘की’ला ‘की’ भिडते. मेमकॅश्डची किल्ली 250 बाइटांपर्यंतच. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट खातं, काना-वेलांटीसुद्धा. ‘गणपतीपुळे’ एकटंच 27. गावाचा क्रमांक वापरा. पानाचा पत्ता जसाच्या तसा किल्ली म्हणून देऊ नका : सिम्फनीत (संकेतस्थळं बांधायची पीएचपीची चौकट) तिरकी रेघ आणि अपूर्णविराम दोन्ही वर्ज्य आहेत.

चिपळूण : ‘पुसणं’ कुठून, तेही लिहा. एपीसीयूची मेमरी आज्ञा-ओळीला (कमांड लाइन) वेगळी असते. रात्री क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा-ओळीवरची कामं आपोआप चालवणारी सोय) दर बदलून कॅशे पुसला तरी संकेतस्थळावर कालचेच दर दिसतात. सर्व्हर दोन असतील तर प्रत्येकाचा एपीसीयू निराळा, मग रेडिसच बरा.

मालवण : किल्लीच्या आधी जोडतात त्या ‘प्रीफिक्स’ला ‘उपसर्ग’ घेऊ?

रत्नागिरी : घ्या, चपखल आहे. चाचणीचं आणि खरं संकेतस्थळ एकाच रेडिसवर असेल तर दोघांना वेगळा उपसर्ग द्या. आणि तिथे रेडिसची ‘फ्लशऑल’ ही आज्ञा अजिबात चालवू नका. उपसर्ग न पाहता ती सगळंच पुसते.